व्हाऊचरवरची मावशी : पुण्यातल्या एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पूर्व भागातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाचं आहे. मंडळीचं आणि माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी त्या काळात मंडळीचा खजिनदार होतो. बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणून हिशेब माझ्याकडे आला होता, आणि या सगळ्यात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच टेबलावर चुकलं. इतर मंडळ्यांच्या कमिट्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो आहे.

पार्श्वभूमी

आमची मंडळी मध्यम आकाराची. रविवारच्या उपासनेला दीडशे-पावणेदोनशे माणूस असतं. शिक्षक, नर्स, रेल्वेतले, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि आता आयटीत शिरलेली मुलं. श्रीमंत नाही, पण हात आखडणारीही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दया निधीची वेगळी थैली फिरते. डिसेंबरात तरुण संघ ससून रुग्णालयाच्या बाहेर आणि स्टेशनच्या परिसरात ब्लँकेटं वाटतो. कोरोनाच्या काळात आम्ही भवानी पेठेतल्या वस्त्यांमध्ये शिध्याची साडेतीनशे पाकिटं पोचवली. पोलिसांचे पास काढून, उन्हातान्हात. त्याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

त्यातच पंडिता रमाबाईंची स्मृतिशताब्दी जवळ आलेली. ५ एप्रिल २०२२ रोजी त्यांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला रमाबाई म्हणजे घरातल्या आजीसारख्या. १८९० मध्ये त्यांनी शारदा सदन, म्हणजे विधवांची आणि मुलींची निवासी शाळा, मुंबईहून इथे आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका उचलून आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं केलं. आम्ही शताब्दीसाठी केडगावला दोन बस, एक व्याख्यान आणि स्मरणिका असा ८५,००० रुपयांचा बेत आखला होता.

आणि या सगळ्याच्या खाली, अगदी शब्दशः पायाशी, मावशी होत्या.

२००४ पासून त्या चर्चची झाडलोट करत. रोज सकाळी दोन तास. अंगणात खराटा, आत केरसुणी, मग फरशी पुसणं, दोन संडास. शनिवारी सुट्टी नाही. रविवारी पहाटे पाचला यायचं, उपासना संपल्यावर पुन्हा झाडायचं. कापणीच्या सणाला अर्पणात आलेल्या जिनसांचा लिलाव संपला की तुडवलेल्या पालेभाज्या आणि कोंबड्यांची पिसं त्याच गोळा करायच्या. पगार २००४ मध्ये ६०० रुपये, पुढे १,०००, मग १,५००, आणि २०१८ पासून २,२००. प्रत्येक वाढ कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून झालेली. त्यांनी कधी मागितली नाही.

पगाराच्या व्हाऊचरवर मी, आणि माझ्याआधीचे खजिनदारही, 'झाडूवाली मावशी' एवढंच लिहीत आलो. खाली त्यांचा अंगठा. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. मावशींच्या व्हाऊचरला सतरा वर्षांत तो कधी लागलाच नव्हता.

त्या ख्रिस्ती नव्हत्या. पुढे याला महत्त्व येतं म्हणून इथेच सांगून ठेवतो.

प्रश्न समोर कसा आला

डिसेंबर २०२१. ऑक्टोबरात प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली होती आणि दीड वर्षाच्या कोंडीनंतर तरुण संघाला उधाण आलं होतं. रविवार पेठेतून घाऊक भावात १२० ब्लँकेटं आणली आणि एका रात्री ससूनच्या बाहेर फुटपाथवर झोपलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना वाटली. रात्री अकराच्या सुमारास मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येऊ लागले. नेहमीप्रमाणे हात जोडलेल्या चिन्हांची रांग, 'प्रभूची स्तुती असो', 'शाब्बास पोरांनो'. मीही अंगठा दाखवला.

एका फोटोत आमचा एक मुलगा वाकून एका बाईच्या हातात ब्लँकेट देतोय. बाईच्या डोक्यावर पदर, मान अर्धी वळवलेली. शेजारी कापडी पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी महिला मंडळातल्या एक निवृत्त नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांनी लिहिलं, "पिशवी मोठी करून बघा." पिशवीवर आमच्याच चर्चचं नाव होतं. २०१६ च्या महिला संमेलनाची उरलेली पिशवी, आपणच मावशींना दिलेली.

त्यानंतर ग्रुपवर दोन दिवस कुणी काही टाकलं नाही. सुप्रभातसुद्धा नाही.

मावशींचा नवरा मधुमेहाने पाय सडून ससूनला भरती होता आणि त्या नऊ रात्री फुटपाथवर काढत होत्या. पहाटे तिथून चालत चर्चला येत, झाडत, परत जात. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण सांगायला जागा कुठे होती? पगार मी शिपायाकडे देत असे.

ब्लँकेट देणाऱ्या मुलाने त्यांना ओळखलं नव्हतं. पुढे त्याने मला सांगितलं, "अंकल, त्यांनी मला ओळखलं होतं. म्हणून मान वळवली."

पहिली बैठक : कोणते पर्याय होते

नाताळच्या आधी कमिटीची तातडीची बैठक झाली. कुणी दुष्ट नव्हतं हे मुद्दाम नोंदवतो. सगळ्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलेल्या माणसांना लवकर काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं.

पहिला प्रस्ताव माझाच. दया निधीतून १०,००० रुपये द्यावेत, नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) हस्ते, सोबत शाल. माझ्या डोक्यात ते अगदी शोभून दिसत होतं.

सचिवांनी अडचण काढली. दया निधीच्या नियमात 'मंडळीतील गरजू सभासद' असं आहे, मावशी सभासद नाहीत. मग शिध्याची पाकिटं आणि ब्लँकेटं कशातून दिली? 'विशेष सेवाकार्य' या वेगळ्या खात्यातून. म्हणजे अनोळखी माणसाला देता येत होतं, मंडळीतल्याला देता येत होतं, आणि सतरा वर्षं रोज येणारी बाई दोन्ही खात्यांच्या फटीत पडत होती.

मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी सुचवलं की त्यांना उपासनेला यायला सांगू, म्हणजे नियमाचाही प्रश्न सुटेल. हे त्यांनी भाबडेपणाने म्हटलं. पण पाळकसाहेब एरवी शांत असतात, ते ताडकन म्हणाले की ससूनच्या फुटपाथवरून आलेल्या बाईला आपण हे बोललो तर त्याला सुवार्ता म्हणत नाहीत. शारदा सदनाची आठवण त्यांनीच काढली. १८९३ मध्ये याच शहरात धर्मांतराच्या संशयावरून वाद पेटला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. शताब्दी करताय तर हेही वाचा, असं म्हणाले. तो पर्याय तिथेच संपला.

आणखी एक पर्याय व्यवहारी होता. हाउसकीपिंगची एजन्सी नेमावी, कटकट नको. हा ऐकायला नीटनेटका वाटतो, आणि आजही काही मंडळ्या तोच निवडतील. पण त्याचा अर्थ आमच्या बाबतीत एवढाच होता की जिच्यामुळे लाज वाटली तिलाच काढायचं.

मग सिस्टर बोलल्या. त्या कमिटीवर नव्हत्या, खास बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "लॉकडाऊनमध्ये मावशींचा पगार दिला होता का?"

खोली माझ्याकडे बघायला लागली.

दिला नव्हता. एप्रिल ते ऑक्टोबर २०२० सात महिने आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२१ सहा महिने, चर्च बंद होतं म्हणून. काम नाही, व्हाऊचर नाही. मी ठरवून कापला नव्हता, फक्त व्हाऊचर केलंच नाही. पाळकांचं मानधन आणि ऑफिसच्या क्लार्कचा पगार मात्र त्या तेराही महिन्यांत नियमाने निघाला होता, आणि त्यावर माझीच सही होती. तेरा गुणिले २,२००, म्हणजे २८,६००. त्याच काळात शिध्याच्या पाकिटांवर आम्ही सव्वादोन लाखांच्या वर खर्च केला होता.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "दया म्हणून दिलं तर तिला आभार मानावे लागतील. थकलेला पगार म्हणून दिलं तर सही करावी लागेल. काय करून घ्यायचंय ते ठरवा."

कोणत्या खात्यातून

बाहेरच्याला ही हिशेबाची किरकोळ बाब वाटेल. आमच्यासाठी प्रकरणाचा गाभा हाच होता, म्हणून थोडं थांबतो.

दया निधीत पैसे होते. सामान्य खात्यात नव्हते. छपराची कौलं काढायची होती, शताब्दीचे ८५,००० बाजूला ठेवले होते. पैसा दयेच्या खात्यातून गेला असता तर कुणाला काही सोडावं लागलं नसतं, उलट वार्षिक सभेत टाळ्या मिळाल्या असत्या. सामान्य खात्यातून 'थकीत वेतन' म्हणून टाकायचा तर तो ताळेबंदात दिसणार, सभेत कुणीतरी विचारणार, आणि मला उभं राहून सांगावं लागणार.

मी विरोध केला. म्हणालो, आपण मंडळी आहोत, कंपनी नाही. दिवाळीला साडी देतो, मुलांना वह्या दिल्या, कुणी त्यांना फसवलेलं नाही. आज हे वाक्य लिहिताना मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं, पण बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नावावर आहे.

मंडळीतल्या एका वकिलांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की आपल्याकडे चारच कामगार आहेत. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागतो, भविष्य निर्वाह निधीचा वीसला, तेव्हा तिकडून तुम्हाला कुणी धरणार नाही. मला हायसं वाटलं. मग ते म्हणाले, "पण तुम्ही विचारायला आलात ते सुटका आहे का हे बघायला, की काय द्यायचं हे बघायला?" वकील असं बोलतात तेव्हा फी घेत नाहीत हे तरी बरं.

त्यांनीच ग्रॅच्युइटीचं सूत्र मांडून दाखवलं. शेवटचा मासिक पगार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं. २,२०० च्या पगारावर सतरा वर्षांचे होतात २१,५७७. एवढ्या वर्षांच्या झाडण्याचे कायद्याच्या भाषेत एकवीस हजार. आणि त्या पगाराचा तासाचा दर काढला तर जेमतेम तीस-पस्तीस रुपये. वेदीवरच्या फुलांना महिन्याला आम्ही ३,००० देत होतो.

दुसऱ्या बैठकीत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला. यरुशलेमच्या पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती. कुरकुर झाली. प्रेषितांनी विधवांना गप्प केलं नाही, प्रवचनही दिलं नाही, सात माणसं नेमली. आणि त्या सातांची नावं बघा, म्हणाले, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप दिलं. मग 'लेवीय' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय : मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत तुझ्याकडे ठेवू नको. मी मावशींचा पगार रविवारचं दान मोजून झाल्यावर, सवडीने, दहा-बारा तारखेला देत असे.

पैसे सामान्य खात्यातून थकीत वेतन म्हणून द्यावेत, यावर मत सात विरुद्ध दोन पडलं. मी सातांत होतो. पटलं म्हणून की लाजेने, आता सांगता येणार नाही.

मावशींना विचारलं तेव्हा

दोन बैठका झाल्या तरी मावशींना कुणी काही विचारलं नव्हतं. हे जानेवारीत सिस्टरांच्या लक्षात आलं आणि त्या वस्तीत त्यांच्या घरी गेल्या. नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली काढला होता, तो घरी आला होता. आमचं ब्लँकेट त्याच्या अंगावर होतं.

सिस्टरांनी पैशांबद्दल सांगितलं. मावशींनी विचारलं की शाल नक्की द्यायची आहे का. देणार असाल तर सगळ्यांसमोर नको. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्यातली एकही आमच्या कुठल्या प्रस्तावात नव्हती.

एक, पगार पाच तारखेच्या आत मिळावा, कारण दुकानदाराची उधारी सहा तारखेला मोजली जाते. दोन, खराटा-बादली ठेवायला आणि साडी बदलायला जागा हवी. इतकी वर्षं त्या संडासामागच्या बोळात, भिंतीकडे तोंड करून ओली साडी बदलत होत्या. तीन, संडासाची चावी. धुवायच्या त्या, पण धुऊन झाल्यावर शिपाई कुलूप लावून चावी घेऊन जायचा. मधल्या वेळात त्यांना जायचं झालं तर स्टँडपर्यंत चालत जावं लागे.

"चावी मागितली असती तर दिली असती की," शिपाई म्हणाला. तोही बिचारा खरंच बोलत होता.

काय केलं

फेब्रुवारी २०२२ पासून पगार ४,५०० केला. आकडा ठरवताना आसपासच्या सोसायट्यांमधले घरकामाचे दर पाहिले, शासनाच्या किमान वेतनाच्या तक्त्यातला अकुशल कामाचा दर तासावर आणून ताडला आणि त्याच्या खाली जायचं नाही असं ठरवलं. पगार पाच तारखेला, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. थकबाकी तीन हप्त्यांत, १०,०००, १०,००० आणि ८,६००, सामान्य खात्यातून. ग्रॅच्युइटीसाठी कायदा नसला तरी मंडळीच्या नावाने वेगळी ठेव काढून त्यात दरमहा रक्कम टाकायला लागलो. शताब्दीच्या दोन बसपैकी एक रद्द केली, स्मरणिका पातळ झाली. व्हेस्ट्रीशेजारच्या (पाळकांच्या तयारीच्या खोलीशेजारच्या) अडगळीतून जुनी पेटी (हार्मोनियम) आणि मोडकी बाकं काढून आतून कडी असलेली खोली करून दिली. चावीला तर काहीच खर्च आला नाही.

पहिला हप्ता चेकने दिला आणि तो परत आला. नाव चुकलं होतं. शिपायाला विचारून मी जे नाव लिहिलं ते वस्तीत त्यांना हाक मारतात ते होतं. पासबुकावर आणि आधारकार्डावर वेगळंच होतं, सासरचं, लग्नात बदललेलं. पस्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे चेक नावासाठी परत पाठवणारा माणूस मी. शिवाय ते जुनं खातं ज्या बँकेत होतं तिथलं एटीएम कार्ड जावयाकडे असे. सिस्टरांनी त्यांना पोस्टात नेऊन नवीन बचत खातं उघडून दिलं. दुसऱ्या वेळेस व्हाऊचरवर पूर्ण नाव लिहिलं, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला. मावशी म्हणाल्या, अंगठा नको, सही शिकवा. ती शिकायला दोन आठवडे गेले, हप्ता तेवढा थांबला, आणि या वेळी उशीर त्यांच्या मर्जीने झाला.

परिणाम

मिळालेल्या पैशांतली मोठी रक्कम सावकाराला गेली. कमिटीतला एकजण म्हणाला, "बघा, पैसे राहिले का?" त्याच्या स्वतःच्या गृहकर्जाबद्दल त्याला असं कुणी विचारत नाही.

नवरा मे महिन्यात गेला. कमिटीतले तिघं मातीला गेलो. पैकी दोघांनी घर पहिल्यांदाच पाहिलं.

वार्षिक सभेत मी 'थकीत वेतन' ही ओळ वाचली. वाटलं होतं तेवढा गोंधळ झाला नाही. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि विचारलं की क्लार्कची आणि माळ्याची थकबाकी पण तपासली का. माळ्याची निघाली. चार महिन्यांची.

मावशींनी २०२३ च्या दिवाळीनंतर काम सोडलं, पुण्याजवळच्या मांजरी गावात लेकीकडे राहायला गेल्या. जाताना ग्रॅच्युइटी घेतली, वाढलेल्या पगारावर, एकोणीस वर्षांची : ४९,३२७ रुपये. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना तोच दर आहे, पण पुढच्याच अंदाजपत्रकात कमिटीने कामाचे तास कमी करून पगार ३,४०० वर आणायचा ठराव आणला. तो एका मताने पडला. आमचं मतपरिवर्तन किती खोल गेलं आहे हे त्या एका मतावरून मोजावं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी मावशींकडे जाऊ, बैठक नंतर. आम्ही दोन आठवडे त्यांच्याबद्दल बोलत होतो आणि त्या रोज सकाळी त्याच खोलीची फरशी पुसून जात होत्या.

दया निधीचा नियम बदलायला हवा होता, तो अजून तसाच आहे. एका प्रकरणात वाट काढली की नियमाकडे पाहायचं राहून जातं.

बंदीच्या काळात कुणाचा पगार चालू ठेवायचा आणि कुणाचा नाही, हे कुणीच ठरवलं नव्हतं. ठराव झाला असता तर 'झाडलोटीचा पगार बंद' असं इतिवृत्तात लिहावं लागलं असतं, आणि लिहिताना तरी कुणाचा हात थांबला असता. आता आमच्याकडे हजेरीपुस्तक आहे, त्यात चारही कामगारांची पूर्ण नावं आहेत. मी या लेखात मावशींना पुन्हा 'मावशी'च म्हटलं आहे. या वेळी ते त्यांना विचारून.

फोटोंचं मात्र निस्तरता आलेलं नाही. वाटपाचे फोटो काढायचे नाहीत असा ठराव झाला, ग्रुपवरचा फोटो त्या मुलाने स्वतः काढून टाकला. पण पिशवीकडे कुणाचं लक्ष जाण्याआधी, त्याच रात्री, उत्साहाच्या भरात आम्ही तो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी छापखान्यात पाठवला होता. तीनशे प्रती छापून आल्या. वाटल्या नाहीत. माझ्यानंतरच्या खजिनदारांनी परवा विचारलं की कपाटातला तो गठ्ठा रद्दीत घालू का. मी नको म्हटलं. मावशींचा चेहरा रद्दीवाल्याच्या काट्यावर जायला नको, आणि अंगणात जाळायचं तर ती राख झाडणारी बाई दुसरीच कुणी असेल. गठ्ठा अजून कपाटातच आहे.